भाव कोण फोडतो?

शंकेखोर : सर, तुमच्या वर्गात पाठ केलेली मॉर्गेन्थाऊची राजकीय वास्तववादाची सहा तत्त्वं मला अजून येतात. पण इतकी वर्षं हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची अडत चालवतोय, त्यांतलं एकही तत्त्व वापरायची वेळ आली नाही. बीट सुरू होण्याआधी मी ढिगातलं एक हळकुंड उचलतो आणि मोडतो. कट्‌कन तुटलं तर माल वाळलाय. चिवटपणे वाकून तुटलं तर शिजवल्यावर ऊन कमी पडलंय. मोडलेल्या तोंडाचा रंग केशरीकडे झुकला की भाव चढा. यात माझा अंदाज चुकला तर संध्याकाळपर्यंत खिशाला कळतं. तुमचं शास्त्र चुकलं तर कोणाला कळतं? १९९१ मध्ये सोव्हिएत संघ असा कोसळेल हे भल्याभल्या सिद्धांतकारांना दिसलं नव्हतं. त्यात कोणाची नोकरी गेली नाही, उलट ‘आम्हाला का दिसलं नाही’ यावर नवी पुस्तकं निघाली. २०२५ मध्ये युक्रेन, गाझा, अमेरिकेचं आयात शुल्क, सगळं एकाच वेळी पेटलं होतं, आणि परीक्षेतला प्रश्न तोच: वास्तववाद आणि उदारमतवाद यांतला फरक स्पष्ट करा, गुण दहा.

अभ्यासक : प्रश्नपत्रिकेचा बचाव मी करणार नाही. पण हळकुंड मोडून तुला माल कळतो, भाव कळत नाही. मागच्या आठवड्यात तोच माल, तोच ओलावा, तोच रंग, आणि भाव वेगळा, हे तू किती वेळा पाहिलंस? हळद सोड, कापूस घे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के शुल्क लावलं, आणि आपण रशियाचं तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५. आपले कापड निर्यातदार हादरले. त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून आपल्या सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. आता या तारखा आपल्या सेनगावच्या शिवारात उभा राहून वाच. सप्टेंबरअखेरपर्यंत कपाशीची बोंडं जेमतेम फुटू लागलेली असतात. वेचणीला जोर येतो तो दसरा-दिवाळीत. म्हणजे पहिली तारीख शेतकऱ्याला फारशी लागत नव्हती, दुसरी बरोबर त्याच्या हंगामावर येऊन बसली. रशियाचं तेल आणि सेनगावचा कापूस यांच्यात हा जो धागा आहे, त्यालाच आंतरराष्ट्रीय संबंध म्हणतात.

शंकेखोर : धागा मलाही दिसतो, सर. व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी सात वाजता येतो. त्यासाठी एम.ए. कशाला? शुल्क उठलं ही बातमी, कापसावर दबाव येणार हा व्यापाऱ्याचा अंदाज, आणि लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये हा सरकारी आकडा. तिन्ही मला फुकट मिळतात. तुमचा विषय यात चौथं काय घालतो? नावं घालतो, असा माझा संशय आहे. मी ज्याला दादागिरी म्हणतो त्याला तुम्ही वर्चस्ववाद म्हणता. मी म्हणतो दोन्ही दगडांवर पाय, तुम्ही म्हणता सामरिक स्वायत्तता. शब्द भारी झाला म्हणून समज वाढली असं होत नाही.

अभ्यासक : बातमीत नसलेली एक गोष्ट तो घालतो: असं होण्याऐवजी दुसरं काय होऊ शकलं असतं, आणि ते का झालं नाही. रॉबर्ट पुटनम यांनी १९८८ मध्ये एक साधी मांडणी केली. वाटाघाटी करणारा एकाच वेळी दोन टेबलांवर बसलेला असतो. एका टेबलावर समोर परका देश, दुसऱ्यावर आपलेच लोक: कारखानदार, शेतकरी, पक्ष, राज्य सरकारं. पहिल्या टेबलावर जे कबूल करायचं ते दुसऱ्या टेबलावर खपलं पाहिजे, आणि कधी दुसऱ्या टेबलावरचा विरोध दाखवून पहिल्यावर ताणून धरता येतं. याच चष्म्यातून ऑगस्ट २०२५ बघ. अमेरिकेशी बोलताना दूध आणि शेतीवर आपण अडून बसलो होतो. म्हणजे दुसऱ्या टेबलावर शेतकरी होता. त्याच महिन्यात कापसाचं शुल्क गेलं, म्हणजे त्याच टेबलावर गिरणीही होती, आणि त्या एका प्रश्नावर तिचं वजन जास्त भरलं. ‘सरकार शेतकऱ्याच्या बाजूचं की विरोधातलं’ हा चावडीवरचा वाद इथे कोता पडतो. कोणत्या मालासाठी कोणाचा आवाज टेबलापर्यंत पोचतो, असा तो प्रश्न होतो. हे बातमीत छापून येत नाही.

शंकेखोर : हे मान्य, चष्मा कामाचा आहे. पण तो कोणाच्या नाकाच्या मापाने बनवलाय? पुटनम हार्वर्डचे, मॉर्गेन्थाऊ शिकागोचे. या विषयाचं पहिलं अध्यासन १९१९ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला निघालं, आणि त्याला नाव दिलं अमेरिकेच्या अध्यक्षाचं, वुड्रो विल्सनचं. आपल्याकडे १९५५ मध्ये दिल्लीत स्वतंत्र संस्था निघाली, ती पुढे १९७० मध्ये जेएनयूत गेली, आणि तिथून पुस्तकं नांदेडच्या विद्यापीठात आणि तिथून आमच्या झेरॉक्स नोट्‌समध्ये. प्रत्येक टप्प्यावर अक्षर पुसट होत गेलं. आमच्यापर्यंत पोचलं ते ‘सत्तासमतोलाची वैशिष्ट्ये’ एवढंच. ज्यांच्याकडे विमानवाहू नौका आहेत त्यांना कोणती कुठे पाठवावी हे ठरवायला हे ज्ञान लागतं. आमच्याकडे कयाधू नदी आहे, सर. उन्हाळ्यात तिच्यातून चालत जाता येतं.

अभ्यासक : १९१९ चं नाव घेतलंस तर पूर्ण घे. त्याच वर्षी बिनयकुमार सरकार या बंगाली विद्वानाचा हिंदूंच्या आंतरराष्ट्रीय संबंधविचारावरचा लेख अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या आघाडीच्या नियतकालिकात छापून आला. म्हणजे अध्यासन निघालं तेव्हाच शामशास्त्रींनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेलं कौटिल्याचं अर्थशास्त्र आणि त्यातला मंडल सिद्धांत जगासमोर होता. शेजारी तो शत्रू, शेजाऱ्याचा शेजारी तो मित्र, हे कोणाला हार्वर्डहून शिकायचं नव्हतं. मराठीत तर रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आहे. टोपीकर, म्हणजे युरोपीय व्यापारी, इतर सावकारांसारखे नुसते सावकार नाहीत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत, त्यांना समुद्रकाठी जागा देताना जपावं, ही समज अठराव्या शतकाच्या आरंभी मराठीत लिहिलेली आहे. व्यापार आणि सत्ता एकाच गलबतातून उतरतात, हा आजचा मोठा विषय. शास्त्र परकं आहे असं म्हणण्यापेक्षा आपण आपली पानं वाचली नाहीत असं म्हण.

शंकेखोर : वाचली असती तरी माझी शंका राहिलीच असती. कौटिल्य राजाला सांगतो, अमात्य छत्रपतींना सांगतात, मॉर्गेन्थाऊ वॉशिंग्टनला. तिघांचंही तोंड गादीकडे आणि पाठ आमच्याकडे. हिंगोलीचंच बघा. इथे छावणी होती, हैदराबाद कंटिंजंटची. निजामाच्या रक्षणासाठी म्हणून उभी केलेली फौज, अधिकारी इंग्रज, खर्च निजामाचा. फौजेचा पगार थकला, कंपनीचं देणं वाढलं, आणि १८५३ च्या तहात त्यापोटी वऱ्हाड कंपनीच्या हाती गेलं. कर्ज काढून संरक्षण घ्यायचं आणि संरक्षणाच्या खर्चात मुलूख घालवायचा! तुमच्या पुस्तकात याला काय नाव असेल ते असो. पण छावणीच्या घोड्यांना चंदी कोण पुरवत होतं, ती कोणत्या भावाने उचलली जात होती, हे एकाही तहात नाही. मला ते हवं आहे. माझा धंदा त्या चंदीवाल्याचा आहे.

अभ्यासक : तू चांगल्या ठिकाणी बोट ठेवलंस, पण निष्कर्ष उलटा काढतोस. चंदीवाला तहात नाही हे खरं. पण तह न वाचता चंदीवाल्याची गोष्ट कळणारही नाही, कारण त्याचं गिऱ्हाईक तिथे का आहे हे तहातच लिहिलंय. आणि आपल्या भागाला एक मोठा अनुभव आहे, जो दिल्लीच्या पुस्तकात तळटीप म्हणून येतो. १९४८ च्या ऑगस्टमध्ये निजाम सरकारने सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. १६ तारखेला पॅरिसमध्ये परिषद या विषयावर बसली, आणि १७ ला इकडे शरणागती झाली. २२ ला निजामाने तार करून तक्रार मागे घेतली. तरी विषय लगेच मिटला नाही, मे १९४९ मध्ये परिषदेत त्यावर पुन्हा बोलणं झालं. तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या हिंगोलीसाठी तो आठवडा मुक्तीचा होता. परिषदेपुढे पेच असा होता की हैदराबाद हे राष्ट्र आहे का? असेल तर हे युद्ध, नसेल तर भारताचा घरगुती मामला. म्हणूनच तोफा-रणगाड्यांसह केलेल्या मोहिमेला आपण ‘पोलीस कारवाई’ म्हणतो. पोलीस आपल्याच घरात जातात, परदेशात नाही. त्या एका शब्दात अख्खं परराष्ट्र धोरण आहे, आणि आपण तो दर १७ सप्टेंबरला सहज उच्चारतो.

शंकेखोर : हा शब्द मी असा कधी मोडून पाहिला नव्हता. पण त्या शब्दाने काय काय झाकलं तेही सांगा. रझाकारांनी गावं जाळली ते आमच्या घरात सांगितलं जातं. कारवाईनंतर मराठवाड्यातल्या मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं ते सांगितलं जात नाही. त्यावरचा सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशकं कपाटात होता. ‘घरगुती मामला’ ठरला की बाहेरच्याने विचारायचं नाही, आणि घरातल्याने तर नाहीच नाही. म्हणजे देशाच्या आत काय आणि बाहेर काय ही रेघ नकाशावर आखली, तरी तिचा उपयोग माणसांना गप्प बसवायला होतो. तुमचं शास्त्र ती रेघ धरूनच सुरू होतं ना? राज्य हा घटक, राज्याराज्यांतले संबंध हा विषय.

अभ्यासक : सुरू होतं, आणि हाच त्याचा सगळ्यात जुना दोष आहे. पण हे सांगणारेही त्याच शास्त्रातले आहेत. अमिताव आचार्य आणि बॅरी बुझान यांनी २००७ मध्ये थेट विचारलं होतं, पाश्चात्त्यांबाहेरचा आंतरराष्ट्रीय संबंधांचा सिद्धांत का नाही? उत्तरं त्यांनी अनेक दिली. मी माझं सांगतो: अनुभवाची आपल्याकडे वाण नाही, पण तो लिहून ठेवायची सवय नाही. तुझ्याच मालाचं उदाहरण. १९९५ मध्ये जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिलं. आपल्या सीएसआयआरने, तेव्हा तिचे प्रमुख रघुनाथ माशेलकर होते, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पण कशाच्या जोरावर? कापलेल्या बोटावर हळद दाबणाऱ्या आजीच्या साक्षीवर नाही. परदेशातला नुसता वापर तिथल्या कायद्याला पुरेसा नव्हता, छापील पुरावा लागत होता. तो जुन्या ग्रंथांतून आणि १९५३ च्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातून काढून दाखवला, तेव्हा पेटंट गेलं. घराघरांत जे माहीत होतं ते कागदावर आलं तेव्हाच तिथे ‘ज्ञान’ ठरलं.

शंकेखोर : म्हणजे त्यांच्या कचेरीत, त्यांच्या नियमाने, त्यांच्या भाषेत सिद्ध केलं तर आपण जिंकलो. याला तुम्ही विजय म्हणता, मला ती शरणागतीची दुसरी बाजू वाटते. आणि पेटंट गेल्याने शेतकऱ्याला क्विंटलमागे काय मिळालं? वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकनही आहे. चांगलं झालं, अभिमान वाटतो. पण वायद्याचा भाव निघतो निजामाबादच्या मालावर, आणि जगातली बहुतेक हळद आपण पिकवतो तरी आमच्या बिटात पहिली बोली कोणत्या आकड्याने लागणार हे आमच्या हातात नसतं. तेलवाल्या देशांनी एकत्र येऊन तेलाचा भाव ठरवला. हळदवाला देश एकटाच इतका मोठा, आणि त्याचा भाव मोबाईलवर बाहेरून येतो. हे का, ते तुमच्या सहा तत्त्वांपैकी कितव्यात आहे?

अभ्यासक : एकाही तत्त्वात नाही, आणि म्हणूनच तो खरा संशोधनाचा प्रश्न आहे. तुला एक साधं सूत्र आयतं देता येईल, की पिकवणारे लाखो आणि विकत घेणारे मूठभर, म्हणून असं होतं. पण ते अर्धंच आहे. दुसरं अर्ध देशांच्या करारांत आहे. जुलै २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी तूर आणण्याचा करार केला. दिल्लीच्या भाषेत ते विकसनशील देशांमधलं ‘दक्षिण-दक्षिण सहकार्य’ होतं, आफ्रिकेशी मैत्री होती, आणि डाळ महागल्याने चिडलेल्या शहरी गिऱ्हाइकाची सोयही. त्याच वर्षी आपल्याकडे तूर उदंड पिकली. २०१७ मध्ये खरेदी केंद्रावर बारदाना संपला म्हणून ट्रॅक्टर रांगेत थांबले, तेव्हा त्याच कराराला मोंढ्यात ‘बाहेरची तूर’ म्हणत होते. दोन्ही वर्णनं खरी आहेत. पहिलं वर्णन प्रबंधात सापडतं. दुसरं कुठे सापडत नाही, कारण दुसरं लिहू शकणारा तू माझ्या वर्गातून बाहेर पडलास आणि अडत घातलीस.

शंकेखोर : पोट होतं, सर. पण हे लागलं मला, नाही असं नाही. तरी विचारतो, हिंगोलीतून लिहिलं तर नवीन काय दिसणार? तिथे काय, इथे काय, करार तर एकच.

अभ्यासक : औंढा नागनाथला जाऊन ये. तिथे लायगो-इंडियाचं काम आहे, गुरुत्वीय लहरी टिपायचं. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, २,६०० कोटींचा प्रकल्प, २०२३ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी. अमेरिकेत असे दोन शोधक आहेत, मग औंढ्याला आणखी एक कशाला? कारण लहर आली हे एका ठिकाणाहून कळतं, पण ती आली कुठून हे एकाला सांगता येत नाही. लहर प्रत्येक ठिकाणी किंचित मागेपुढे पोचते, आणि त्या फरकावरून दिशा काढतात. ऑगस्ट २०१७ मध्ये इटलीतला शोधकही सुरू होता, म्हणून दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची जागा इतकी नेमकी ठरली की दुर्बिणींना ती आकाशात सापडली. शोधक जितके एकमेकांपासून लांब, तितकी दिशा पक्की. करार एकच असतो हे बरोबर. पण त्याचा धक्का वॉशिंग्टनला कधी बसला, दिल्लीला कधी आणि सेनगावला कधी, हा फरक मोजल्याशिवाय तो खरा कुठून आला ते कळत नाही. हिंगोलीहून अभ्यास करायचा तो यासाठी. आणि हा प्रकल्प स्वतःच आंतरराष्ट्रीय संबंधांचा धडा आहे. १९९८ च्या अणुचाचणीनंतर अणुऊर्जा विभागाच्या संस्था अमेरिकेच्या निर्बंधांत होत्या. २००८ मध्ये अणुकरार झाला. २०१६ मध्ये त्याच विभागाने अमेरिकेच्या विज्ञान प्रतिष्ठानबरोबर या प्रकल्पाच्या करारावर सही केली. मधल्या वर्षांतली मुत्सद्देगिरी काढून टाक, औंढ्याला माळरान उरतं.

शंकेखोर : उपमा सुंदर आहे, म्हणूनच भीती वाटते. एक सांगा, ही जागा का निवडली? इथे कंप कमी, कारखाने कमी, रहदारी कमी. म्हणजे आमच्याकडे काही हलत नाही म्हणून आम्ही पसंत पडलो. यंत्राचे मुख्य भाग अमेरिकेचे, जमीन आमची. तुमच्या जागतिक अभ्यासातही हेच होणार. सिद्धांत तिकडचा, उदाहरण इकडचं. आमचा तूरवाला, हळदवाला त्यांच्या प्रबंधात आकडा म्हणून जाणार. कान बसवले, कबूल. पण ऐकू आलं म्हणून भाव फोडायचा अधिकार येत नाही.

अभ्यासक : येत नाही. तुझ्या या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणेन, दिशा कळली नाही तर बोंब चुकीच्या दिशेला मारली जाते. कापसाचं शुल्क गेलं तेव्हा कोणी अमेरिकेला शिव्या दिल्या, कोणी गिरणीवाल्यांना, कोणी गावच्या व्यापाऱ्याला. तिघांचाही हात होता, पण सारखा नव्हता. कोणाचा किती, हे काढणं म्हणजे अभ्यास. पुढच्या वर्षी एखाद्या पोराला मी हाच विषय देतो: हिंगोलीच्या बिटातली हळद परदेशी बंदराला लागेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर कोणी किती कमावलं, आणि कोणत्या करारामुळे. सहा तत्त्वं परिशिष्टात टाकू. पण बंदराचे आकडे सरकारकडे मिळतील. सुरुवातीचा टप्पा कुठे मिळणार? त्यासाठी दुकानाच्या वह्या लागतील. तू उघडून देशील?

शंकेखोर : माझ्या वह्या?

अभ्यासक : चंदीवाल्याचा हिशेब तहात नाही म्हणालास ना. तो त्याच्या वहीत असतो.

शंकेखोर : त्या वहीत आमचीही अडत लिहिलेली असते, सर. हमाली, तोलाई, कोणाला उचल दिली, त्यावर काय लावलं, सगळं. मला वाटत होतं आपण अमेरिकेबद्दल बोलतोय.

अभ्यासक : मलाही बराच वेळ तसंच वाटत होतं.

शंकेखोर : बघतो. चालू हंगामाच्या नाही देत. जुन्या काही असतील तर बघतो.